गाडी आतून रिकामी करावी का? वजन कमी करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

मागची सीट, गालिचा, दरवाजांची पॅनेल आणि आवाज दाबण्यासाठी पत्र्यावर चिकटवलेले डांबरी थर काढले की गाडी हलकी होते आणि हलकी गाडी लवकर वेग घेते, हे खरे आहे. मात्र ती नेमकी किती हलकी होणार, त्याचा उपयोग कोठे होणार आणि त्या बदल्यात काय गमवावे लागणार, याचा हिशेब पाना हातात घेण्याआधी मांडला पाहिजे, कारण उतरवलेले पॅनेल पुन्हा पहिल्यासारखे बसवणे हे उतरवण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचे काम असते. माझे मत आधीच सांगतो. जी गाडी रोज रस्त्यावर चालते आणि ज्या गाडीतून घरची माणसे प्रवास करतात, तिच्या आतील काहीही कायमचे काढू नये. अशा गाडीच्या मालकाने खालीलपैकी तिसऱ्या पायरीवर थांबावे. पुढच्या पायऱ्या फक्त त्यांच्यासाठी आहेत, ज्यांच्याकडे स्पर्धेसाठी वेगळी गाडी आहे.

पहिली पायरी: गाडी तेथपर्यंत कशी जाणार?

‘गाडी कशासाठी हलकी करायची’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘ऑटोक्रॉससाठी’ (मोकळ्या जागेत आखलेल्या वळणदार मार्गावर एकेका गाडीची घड्याळाशी स्पर्धा), ‘रॅलीसाठी’ किंवा ‘ट्रॅकसाठी’ असे उत्तर देतात. त्याहून उपयोगी प्रश्न असा, की स्पर्धेच्या जागी ती गाडी स्वतःच्या चाकांवर जाणार की ट्रकवर चढून जाणार? खानदेशात मोटारशर्यतीचा कायमस्वरूपी ट्रॅक नाही. रॅलीची जुनी परंपरा असलेले जवळचे मोठे शहर म्हणजे नाशिक, आणि तेही धुळ्याहून दीडशे किलोमीटरहून थोडे दूर. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट गाठायचा, तर रस्त्याने हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्रवास होतो. सीट-गालिचा काढलेली, पत्रा उघडा पडलेली गाडी उन्हाळ्यात एवढे अंतर चालवत नेणारा चालक स्पर्धेच्या आदल्या रात्रीच थकून गेलेला असतो. ट्रकची किंवा ट्रेलरची सोय नसेल, तर गाडी सुटसुटीत ठेवावी, पण रिकामी करू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. लळिंगच्या, कन्नडच्या किंवा तोरणमाळच्या घाटात घड्याळ लावून गाडी पळवणे हा स्पर्धेचा सराव ठरत नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि वळणापलीकडून उसाची ट्रॉली किंवा केळीचा ट्रक येत असेल तर दंडाचा प्रश्न उरतच नाही. ज्यांच्या मनात हाच ‘उपयोग’ आहे, त्यांनी पुढे वाचू नये.

दुसरी पायरी: काट्यावर जा

वजन कमी करण्याचे काम वजन माहीत नसताना सुरू करणे निरर्थक आहे, आणि या बाबतीत आपला भाग नशीबवान आहे. कापसाच्या जिनिंगमुळे आणि धान्य-केळीच्या व्यापारामुळे खानदेशात तालुक्यातालुक्यात भुईकाटे आहेत. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा कारवाल्याला कोणी उभे करणार नाही. म्हणून हंगाम सोडून किंवा दुपारच्या मोकळ्या वेळी जावे, नेहमीचे पैसे द्यावेत आणि छापील पावती घ्यावी.

काट्यावर तीन वजने करून घ्यावीत: पूर्ण गाडीचे, फक्त पुढची चाके काट्यावर असतानाचे आणि फक्त मागची चाके काट्यावर असतानाचे. चालक खाली उतरलेला असावा, टाकीतील पेट्रोल किती आहे ते लिहून ठेवावे आणि काट्याच्या पुढची-मागची जमीन सपाट आहे याची खात्री करावी, नाहीतर पुढच्या-मागच्या वजनाची विभागणी चुकीची येते. ट्रकसाठीचे हे काटे दहा-वीस किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतात, त्यामुळे एका पॅनेलचे वजन त्यांवर कळत नाही. सुट्या भागांसाठी किराणा दुकानातला किंवा धान्याच्या आडतीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. काढलेला प्रत्येक भाग त्यावर ठेवून वहीत आकडा लिहावा. इंटरनेटवरच्या आकड्यांपेक्षा ही वही अधिक भरवशाची असते, कारण एकाच नावाच्या गाडीच्या दोन मॉडेलांत सीटांची आणि आतल्या थरांची वजने वेगळी असतात.

पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या लहान गाडीत रिकामी असताना साधारण साठ टक्के किंवा थोडे जास्त वजन पुढच्या चाकांवर असते. हा आकडा लक्षात ठेवावा, तो सहाव्या पायरीत पुन्हा लागेल.

तिसरी पायरी: फुकट उतरणारे वजन

बहुतेक गाड्यांत पाना न लावताच पंधरा-वीस किलो उतरतात. डिक्कीतील गोणपाट, जुने बूट, ऑइलचे अर्धे डबे, देवळातून आणलेले नारळ, पाण्याचे कॅन आणि मुख्य म्हणजे सबवूफरची लाकडी पेटी आधी बाहेर काढावी. ती पेटी अॅम्प्लिफायरसह सहज पंधरा किलोंच्या घरात जाते. पुढच्या बंपरवर लोखंडी गार्ड असेल तर तो काढावाच, कारण केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना असे गार्ड बेकायदा ठरवून कारवाई करायला सांगितले होते. एअरबॅग असलेल्या गाडीत गार्डमुळे धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत वेगळ्या रीतीने पोहोचतो, हा त्याहून मोठा धोका आहे. छतावरचा कॅरियर काढल्याने वजनाबरोबर हवेचा विरोधही कमी होतो.

पेट्रोलचे वजन लिटरमागे सुमारे ०.७४ किलो असते. सदतीस लिटरची टाकी भरलेली असेल तर तिच्यात सत्तावीस किलोंच्या आसपास पेट्रोल असते, म्हणजे अर्ध्या टाकीवर धावल्याने तेरा-चौदा किलो वाचतात. मागच्या सीटचे बोल्ट सोडून मिळणारा फायदा येथे काही न सोडता मिळतो. सीएनजी गाडी असेल, तर सिलिंडर आणि किट यांनीच गाडी पेट्रोलच्या तशाच मॉडेलपेक्षा नव्वद-शंभर किलोंनी जड झालेली असते. अशा गाडीतून गालिचा काढून काही हाती लागत नाही, शिवाय मागच्या सीटची पाठ हीच सिलिंडर आणि माणसे यांच्यामधली आड असते. सीएनजी गाडीच्या आतील भागाला हात लावू नये.

चौथी पायरी: हिशेब

समजा, गाडी नऊशे किलोंची आहे आणि चालक सत्तर किलोंचा आहे. साध्या हॅचबॅकमध्ये साधारणपणे पुढीलप्रमाणे वजन निघते: मागची सीट पाठीसह १५ ते २० किलो, शेजारची पुढची सीट रुळांसह १२ ते १६, लोखंडी रिमची स्टेपनी १२ ते १४, जॅक आणि पाने ३, गालिचा त्याखालच्या नमद्यासह ५ ते ८, डांबरी थर ४ ते ७, चारही दरवाजांची पॅनेल मिळून ६ ते ८. एवढे सगळे काढले तर साठ-सत्तर किलो होतात. म्हणजे ९७० किलोंमधून ६० गेले, तर साधारण सहा टक्के.

कमी वेगात गाडीचा वेग घेण्याचा दर जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी सुधारतो. शून्यापासून शंभरपर्यंत तेरा सेकंद घेणारी गाडी फार तर बारा सेकंदांच्या थोडे वर येईल. वेग वाढला की हवेचा विरोध प्रबळ होतो आणि वजनाचा फायदा घटत जातो, आणि कमाल वेगावर तर त्याचा परिणाम नगण्य असतो. याच गाडीत एक मित्र बसला की सगळा फायदा संपला. ज्या ऑटोक्रॉसमध्ये निकाल सेकंदाच्या दशांशावर ठरतो, तेथे सहा टक्के ही फार मोठी गोष्ट आहे. जळगावहून भुसावळला जाताना तिचा काहीच उपयोग नाही.

पेट्रोल वाचेल या आशेने गाडी रिकामी करणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजानुसार गाडीत सुमारे ४५ किलो वजन वाढले तर मायलेज साधारण एका टक्क्याने घटते. त्या मानाने साठ किलो उतरवले तर सव्वा टक्का वाचेल. वर्षाला बारा हजार किलोमीटर आणि लिटरला अठरा किलोमीटर धरले, तर वर्षाकाठी आठ-नऊ लिटर. टायरमधील हवा नियमित तपासणाऱ्याला तेवढे विनासायास मिळते.

आणखी एक हिशेब आहे, जो नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. चाक आणि टायर यांचे वजन गाडीसोबत पुढे जाते आणि शिवाय फिरतेही, त्यामुळे तेथील एक किलो वेग घेताना साधारण दीड किलोंइतका भासतो. प्रत्येक चाकामागे दीड-दोन किलो कमी झाले, तर वेग घेण्यात फायदा होतोच, शिवाय खडबडीत रस्त्यावर पकडही सुधारते, आणि आतला एक पेचही ढिला करावा लागत नाही. चांगले टायर, ताजे ब्रेक ऑइल, चांगल्या दर्जाचे ब्रेक पॅड आणि योग्य अलाइनमेंट यांवर आधी खर्च करावा. हे सर्व होऊन चालकाच्या वेळा एका पातळीवर स्थिरावल्यानंतरच सीट काढण्याचा विचार यावा, असे मला वाटते.

पाचवी पायरी: काय काढावे, काय राहू द्यावे

वर तोललेला माल सारख्या मोलाचा नाही. मागची सीट हा सगळ्यात फायदेशीर भाग आहे, कारण ती चार-सहा बोल्टांत सुटते, एका तासात परत बसते आणि वजनही बरेच घेऊन जाते. स्टेपनी आणि जॅक फक्त स्पर्धेच्या वेळेपुरते काढावेत. रावेर-यावलच्या शिवाररस्त्यांवर किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्याशिवाय जाणे शहाणपणाचे नाही. डिक्कीवरची फळी काढून ठेवता येते.

दरवाजांची पॅनेल काढताना आतल्या पातळ प्लास्टिकच्या पडद्याला धक्का लावू नये. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दरवाजाच्या आतून खाली जाते आणि तो पडदा फाटला की तेच पाणी केबिनमध्ये येते. पॅनेल गेल्यावर काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेच्या धारदार कडाही उघड्या पडतात, म्हणून त्या जागी पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा बसवावा. त्याने उतरलेल्या वजनातले थोडे परत येते, पण हात शाबूत राहतो.

छताचे अस्तर काढण्याच्या फंदात पडू नये. ते दोन-तीन किलोंचे असते, परंतु मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा तापलेल्या छताच्या पत्र्यापासून डोक्याला तेवढाच आडोसा असतो. एसीची पूर्ण यंत्रणा पंधरा-वीस किलोंची असते आणि ती काढण्याचा मोह अनेकांना होतो. आपल्याकडच्या उन्हात ती काढणे म्हणजे चालकाची एकाग्रता विकून हलकेपणा विकत घेणे होय. शिवाय पावसाळ्यात समोरच्या काचेवरची वाफ एसीच झटपट काढतो. काढायचीच असेल, तर गॅस हवेत सोडू नये. एसीवाल्याकडून यंत्राने काढून घ्यावा.

डॅशबोर्डच्या मागे आडवा लोखंडी दांडा असतो, स्टिअरिंगचा खांब त्याच्यावर टेकलेला असतो. त्या दांड्याला, दरवाजांमधील आडव्या पट्ट्यांना, सीटबेल्टला आणि एअरबॅगला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. चालकाची मूळ सीट काढून गॅरेजमध्ये पट्टी वेल्ड करून बसवलेली बकेट सीट (शरीराला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी स्पर्धेची सीट) हा या छंदातला सर्वांत धोकादायक प्रकार आहे, कारण धडकेच्या वेळी ती वेल्डिंग सुटू शकते आणि माणूस सीटसकट पुढे जाऊ शकतो. सीट बदलायचीच असेल, तर एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संस्थेच्या ८८५५-१९९९ किंवा त्यानंतरच्या मानकाची, मूळ जागेवरील बोल्टांना बसणाऱ्या तयार ब्रॅकेटसह घ्यावी आणि तिच्यावरील मुदतीची तारीख पाहावी. स्पर्धेचा सीटबेल्ट बसवणार असल्यास त्याचे मानक आणि मुदतही तितकीच महत्त्वाची.

येथेच रोलकेजचा, म्हणजे गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवायच्या पोलादी पाइपांच्या सांगाड्याचा, प्रश्न येतो. आतला भाग रिकामा केला की केज बसवावा असे पुष्कळांना वाटते. स्पर्धेच्या गाडीत हेल्मेट घातलेल्या चालकासाठी केज जीव वाचवतो. रस्त्यावरच्या गाडीत, हेल्मेट नसताना, तोच पोलादी पाइप डोक्याच्या अगदी जवळ येतो आणि साध्या अपघातातही कवटी त्याच्यावर आपटू शकते. म्हणून केज आणि रोजचा प्रवास एकत्र ठेवू नयेत.

सहावी पायरी: तोल

मागची सीट, स्टेपनी आणि मागचा गालिचा हे सगळे मागच्या चाकांवरचे वजन आहे. ते गेले की पुढच्या चाकांवरचा वाटा साठवरून बासष्ट-त्रेसष्ट टक्क्यांपर्यंत सरकतो आणि गाडीची मागची बाजू हलकी होऊन वर उचलली जाते. त्यामुळे जोरात ब्रेक मारला की मागची चाके लवकर अडकतात. एबीएस (ब्रेक मारताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या गाडीत मागची बाजू बाजूला सरकण्याची शक्यता वाढते, आणि ओल्या रस्त्यावर ती अधिक वाढते. कारखान्याने ब्रेकचा जोर पुढे-मागे कसा वाटावा, हे गाडी रिकामी असण्यापासून पूर्ण भरलेली असण्यापर्यंतच्या वजनांसाठी ठरवलेले असते. आपण त्या मर्यादेच्या खाली जात असतो, एवढे ध्यानात ठेवावे. शक्य तेव्हा शेजारची पुढची सीट काढून मागची ठेवणे तोलाच्या दृष्टीने बरे ठरते, पण रॅलीत शेजारी सहचालक बसतो, तेथे हा पर्याय नाही.

सातवी पायरी: कायदा आणि विमा

नोंदणी पुस्तकात गाडीच्या आसनांची संख्या छापलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एमएच-१८, एमएच-१९ किंवा एमएच-३९ पासिंगची खाजगी गाडी पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदवायला आरटीओकडे न्यावी लागते, तेव्हा आतील अवस्थाही तपासली जाते. सीटबेल्ट न लावल्याचा हजार रुपये दंड वेगळाच. विमा कंपनीला न कळवता गाडीत बदल केला असेल, तर अपघाताचा दावा नाकारण्यासाठी तेवढे कारण पुरते. स्पर्धेत उतरायचे असेल, तर भारतातील मोटारशर्यतींची नियामक संस्था असलेल्या एफएमएससीआयची त्या वर्षाची नियमावली आणि आपल्या गटाचे किमान वजन आधी पाहावे. अनेक गटांत ठरलेल्या वजनाखाली जाता येत नाही, आणि मग काढलेले किलो शिशाच्या रूपाने परत भरावे लागतात.

आठवी पायरी: प्रत्यक्ष काम

इतके होऊनही निर्णय पक्का राहिला, तर बॅटरीची ऋण तार आधी सोडावी आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये थोडा वेळ विद्युतभार साठून राहतो. सीटखालच्या पिवळ्या जोडण्या एअरबॅग किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेच्या असतात. त्यांना मल्टिमीटर लावू नये. त्या सुटल्या की डॅशवरचा एअरबॅगचा दिवा पेटतो आणि बहुतेक गाड्यांत उरलेल्या एअरबॅगही काम करणे थांबवू शकतात, त्यामुळे अशी सीट मिस्त्रीकडूनच काढून घेतलेली बरी.

पॅनेल उचलायला स्क्रू ड्रायव्हर न वापरता प्लास्टिकच्या पट्ट्या वापराव्यात. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी लावून ठेवावेत, आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचे झाकण असते; ते झाकण आणि त्याची रबरी कडा जशीच्या तशी राहू द्यावी.

डांबरी थर काढण्याचे काम डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे करावे. तेव्हा पत्रा थंड असतो आणि थर कडक होऊन तुकड्यांनी निघतो. उन्हाळ्यात तोच थर मऊ होऊन पट्टीला चिकटतो आणि चार तासांच्या कामाचे दोन दिवस होतात. ड्राय आइस मिळाला तर काम अधिक सोपे होते: उणे ७८ अंशांचा तो बर्फ थरावर पसरावा, दहा मिनिटांनी हलकेच ठोकावे. जाड हातमोजे घालावेत आणि गाडीचे सर्व दरवाजे उघडे ठेवावेत, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद केबिनमध्ये गुदमरवू शकतो. थर निघाल्यावर उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमर मारून झाकावा. एवढे कष्ट करून पाच-सहा किलो मिळतात आणि पत्र्याचा गोंगाट कायमचा वाढतो. ही एक गोष्ट पूर्ववत करता येत नाही, म्हणून ती सर्वांत शेवटी करावी.

काढलेली पॅनेल पत्र्याच्या शेडमध्ये उभी करून ठेवू नयेत. उन्हाने तापून ती वाकतात. सीटांच्या फोमवर उंदरांचा डोळा असतो, त्यांना गोणपाटात न ठेवता बंद पेटीत ठेवावे. सर्व काही उतरल्यावर पुन्हा भुईकाट्यावर जाऊन तिन्ही वजने घ्यावीत, चाकांची अलाइनमेंट करावी, कारण गाडी वर उचलली गेल्याने चाकांचे कोन बदललेले असतात, आणि मागच्या टायरमधील हवा नव्या वजनानुसार दोन-तीन पौंडांनी कमी करून पाहावी. त्यानंतर मोकळ्या, बंदिस्त जागेत, कमी वेगापासून सुरुवात करून ब्रेक तपासावेत.